इंजिनाला दम का लागतो? व्हॉल्व्हचं दार आणि टर्बोची फुंकर

(रेडिओवरून दिलेले भाषण)



गेले काही महिने बचत गटांकडून आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. गटाच्या अवजार बँकेसाठी ट्रॅक्टर घ्यायचा असतो. दुकानदार दोन ट्रॅक्टर दाखवतो, दोन्ही पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचे. एकाच्या बॉनेटवर ‘टर्बो’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि त्याची किंमत जास्त. एक जण सांगतो, टर्बो म्हणजे दुप्पट ताकद. दुसरा सांगतो, ती भानगड नकोच, बिघडलं की खर्चात घालतं. हप्ता तर गटातल्या प्रत्येकीच्या डोक्यावर बसणार. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

आम्ही म्हणतो, कुणावर ठेवण्याआधी इंजिन श्वास कसं घेतं ते समजून घेऊ. ते कळलं की दुकानदाराचं किती खरं आणि शेजाऱ्याचं किती खरं, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल. आणि त्यासाठी सुरुवात चुलीपासून करू, कारण हे ज्ञान आपल्या हातात आधीपासूनच आहे.

चूल धुपायला लागली की आपण काय करतो? आणखी लाकडं कोंबत नाही. कोंबली तर धूर वाढतो, जाळ वाढत नाही. आपण फुंकणी उचलतो. दोन फुंकरा मारल्या की तीच लाकडं भडकतात. म्हणजे जळण पुरेसं होतं, कमी होती ती हवा. डिझेल इंजिनाचं अगदी असंच आहे. डिझेल ढकलणं सोपं असतं. छोटासा पंप आणि नोझल ते काम करतात. अवघड असतं ते तेवढं डिझेल जाळायला लागणारी हवा आत आणणं.

ही हवा लागते तरी किती? एक किलो डिझेल पुरतं जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. एक लिटर डिझेल भरतं साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे एका लिटरला बारा किलो हवा. हवा हलकी, लिटरला सव्वा ग्रॅमही भरत नाही. हिशोब केला तर एक लिटर डिझेलला दहा हजार लिटर हवा होते. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आणा. दहा हजार लिटरचा तो अख्खा टँकर हवेने भरलेला, आणि तो रिकामा होतो एक लिटर डिझेल जाळण्यात. हा झाला कमीत कमी हिशोब. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला याहून जास्तच हवा लागते, कारण आत डिझेल आणि हवा नीट मिसळायला वेळ मिळत नाही.

आता ही सगळी हवा आत जाते कुठून? एका छोट्या दारातून. त्या दाराचं नाव व्हॉल्व्ह. आपले मिस्त्री लोक ‘वॉल’ म्हणतात.

इंजिनात सिलिंडर असतो, म्हणजे लोखंडी नळकांडं. त्यात पिस्टन वरखाली होतो. पिस्टन खाली जाताना हवा आत येते. वर येताना ती हवा दाबली जाते आणि खूप तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते पेट घेतं आणि पिस्टनला जोरात खाली ढकलतं. हाच तो एक दणका जो आपलं काम करतो. मग पिस्टन पुन्हा वर येतो आणि जळका धूर बाहेर लोटतो. चार फेऱ्यांत एक दणका. सिलिंडरच्या डोक्यावर, ज्याला हेड म्हणतात, दोन दारं असतात: एक हवा आत घ्यायचं, दुसरं धूर बाहेर सोडायचं. ही दारं दिसतात पावसाळ्यात उगवणाऱ्या भूछत्रासारखी. वर बारीक दांडा, खाली पसरट चकती. दांड्यावर दाब आला की चकती खाली सरकते आणि भोवतीने फट पडते. दाब सुटला की स्प्रिंग तिला परत घट्ट बसवते.

ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर हवा आत घेण्याची एक फेरी किती वेळात उरकते? एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा भाग. आपली पापणी लवते तेवढ्यात अशा कितीतरी फेऱ्या होऊन जातात. तीन सिलिंडरचं, प्रत्येकी एक लिटर मावेल असं इंजिन घेतलं तर मिनिटाला तीन हजार लिटर हवा त्या दारांतून आत जायला हवी. म्हणजे टँकरभर हवा साडेतीन मिनिटांत, आणि ती भूछत्राच्या भोवतीच्या फटीतून!

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपण म्हणतो इंजिन हवा ओढतं. खरं तर पिस्टन खाली गेल्यावर आत पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्या वजनाने आत शिरते. आपल्या सगळ्यांच्या अंगावर हवेचा दाब असतो, चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. साध्या इंजिनाकडे ढकलायला तेवढाच जोर. दार अरुंद, वेळ थोडा आणि मागून रेटणारा जोर ठरलेला. म्हणून एक लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात लिटरभर हवा पोहोचत नाही. साध्या डिझेल इंजिनाचं पोट भरधाव चालताना ८०-८५ टक्केच भरतं. आणखी जोरात फिरवलं तर आणखी कमी, कारण दार उघडं राहायचा वेळ आणखी घटतो. एस.टी.ची गर्दी आठवा. दार एक, गाडी थांबणार अर्धा मिनिट. कितीही रेटारेटी केली तरी त्या दारातून त्या वेळात जेवढ्या बाया चढायच्या तेवढ्याच चढतात, आत जागा रिकामी असली तरी.

मग दार मोठं का करत नाहीत? हा प्रश्न कुणीही शहाणी बाई विचारेल.

आधी असं वाटेल की दार मोठं नको, तेच दार जास्त उघडू. घरी करून बघा. पातेल्यावरचं २० सेंटिमीटरचं झाकण सरळ वर उचला. एक सेंटिमीटर उचललं तर वाफ थोडी येते, दोन उचललं तर जास्त. पाच सेंटिमीटर उचललं की कडेने पडलेली गोल फट आणि पातेल्याचं तोंड, दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं होतं. त्यापुढे झाकण कितीही वर न्या, वाफ फारशी वाढणार नाही, कारण आता अडवणूक झाकणाची नाही, पातेल्याच्या तोंडाची आहे. व्हॉल्व्हचं तंतोतंत तसंच. चकतीच्या रुंदीच्या एक चतुर्थांश उघडला की त्यापुढे फारसा लाभ नाही. ४० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह १० मिलिमीटर उघडला की झालं.

म्हणजे वाढवायची तर रुंदीच वाढवावी लागेल. आता परात घ्या, आतून ४० सेंटिमीटर रुंदीची. तिच्यात दोन सारख्या भाकरी एकमेकींवर न चढवता ठेवायच्या. जास्तीत जास्त केवढ्या थापाल? २० सेंटिमीटरच्या. त्या दोघी मिळून परातीचा अर्धा भाग झाकतात, अर्धी परात रिकामीच राहते. सिलिंडरची परात ठरलेली असते, आणि तिच्यात नुसते दोन व्हॉल्व्ह नाहीत, मध्ये नोझललाही जागा लागते. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये लोखंडाची जी पट्टी उरते ती फार बारीक केली तर उष्णतेने तडकते. हेड क्रॅक झालं म्हणतात ना, ते बरेचदा तिथेच. शिवाय चकती मोठी म्हणजे वजन जास्त. मिनिटाला हजार वेळा ती उघडायची आणि वेळेवर बंद व्हायची. जड चकतीला स्प्रिंग वेळेत परत ओढू शकत नाही.

याच परातीत दोन मोठ्यांऐवजी चार लहान भाकरी ठेवून बघा, साडेसोळा सेंटिमीटरच्या. आता परातीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग झाकला जातो. कडा मोजल्या तर फरक याहून मोठा: दोन भाकरींची कड मिळून सव्वाशे सेंटिमीटर, चारांची दोनशेच्या वर. हवा कडेनेच आत जाते, म्हणून हा हिशोब महत्त्वाचा. याच कारणाने नव्या मोटारगाड्यांत बहुतेक वेळा एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असतात, दोन आत घ्यायचे, दोन बाहेर सोडायचे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत मात्र अजून दोनच असतात, कारण ते बनवायला स्वस्त आणि गावच्या मिस्त्रीला उघडायला सोपे. आम्हाला हे काही कमीपणाचं वाटत नाही. शेतातल्या यंत्राची दुरुस्ती शेताजवळ झाली पाहिजे.

हेड कधी उघडलेलं दिसलं तर जवळ जाऊन बघा. आत घेणारा व्हॉल्व्ह मोठा असतो आणि धुराचा लहान. धूर आतून स्वतःच्या जोराने बाहेर पडतो, त्याला लहान दार चालतं. बाहेरून येणाऱ्या हवेच्या मागे तो एक किलोचाच जोर, म्हणून परातीतला मोठा वाटा तिला.

तर दाराची हद्द अशी ठरलेली. आता उरतो एकच उपाय: दार तेवढंच ठेवायचं आणि मागून रेटा वाढवायचा. घरावरची पाण्याची टाकी चार फुटांवरून बारा फुटांवर नेली तर नळ तोच असूनही बादली लवकर भरते. हवेच्या बाबतीत तर दुहेरी फायदा, कारण पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. कापूस वेचणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. वेचलेला कापूस नुसता टाकला तर गाठोडं लगेच भरतं. पायाने तुडवून भरला तर त्याच कापडात कितीतरी जास्त मावतो. सिलिंडर तेवढाच, व्हॉल्व्ह तेवढाच, पण हवा तुडवून भरलेली. जास्त हवा आली की जास्त डिझेल पुरतं जळतं, आणि दणका मोठा बसतो.

लोहाराचा भाता म्हणजे हेच. आणि तो भाता ओढायला वर्षानुवर्षं लोहाराची बायकोच बसत आली, हे आम्हाला इथे सांगावंसं वाटतं. हातोडा मारणाऱ्याचं नाव होतं, पण लोखंड लाल व्हायचं ते तिच्या हातांनी.

इंजिनाला भाता लावायचे दोन प्रकार आहेत. पहिला सुपरचार्जर. इंजिनाच्याच पट्ट्यावर किंवा गिअरवर एक पंखा चालवायचा आणि हवा आत कोंबायची. इंजिन फिरलं की तोही लगेच फिरतो, वाट बघावी लागत नाही. पण तो इंजिनाचीच ताकद खातो, म्हणून ट्रॅक्टरसारख्या हिशोबी यंत्रावर तो दिसत नाही.

दुसरा प्रकार टर्बो. हा आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरच्या डोक्यातून आला. त्याचं पेटंट १९०५ सालचं. त्याच्या लक्षात आलं की जळणातल्या उष्णतेचा मोठा वाटा, जवळपास तिसरा हिस्सा, धुराबरोबर फुकट बाहेर जातो. तो धूर गरमही असतो आणि जोरातही असतो. मग त्या धुरानेच पंखा का फिरवू नये? कल्पना सोपी होती, पण तेवढी उष्णता सोसणारं लोखंड आणि तेवढ्या वेगाने फिरणारा पंखा बनवायला त्याला वीस वर्षं लागली. १९२६ च्या सुमारास जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर असे टर्बो बसले आणि त्यांच्या इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली.

टर्बो दिसतो दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसल्यासारखा. मध्ये एकच दांडा, दोन्ही टोकांना एक एक छोटा पंखा. एका गोगलगायीतून धूर सायलेन्सरकडे जातो आणि जाताना आपला पंखा फिरवतो. दांडा एकच असल्यामुळे दुसऱ्या बाजूचा पंखाही फिरतो, आणि तो एअर फिल्टरमधून आलेली ताजी हवा दाबून व्हॉल्व्हकडे पाठवतो. धूर आणि ताजी हवा एकमेकींत मिसळत नाहीत. नुसता दांडा जोडलेला असतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेऱ्या घेऊ शकतो. एवढ्या वेगाला साधं बेअरिंग टिकत नाही, म्हणून तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ही ऑइलची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम पडणार आहे.

टर्बोने हवेचा दाब बाहेरच्या पावणेदोनपट केला असं धरू. मग हवाही पावणेदोनपट मावेल का? नाही. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तसं दाबलेली हवा तापते. बाहेरची ३५ अंशांची हवा टर्बोतून निघताना १०० अंशांच्या आसपास जाते, म्हणजे पाणी उकळेल इतकी. तापलेली हवा फुगते आणि फुगली की कमी मावते. म्हणून काही इंजिनांवर टर्बो आणि व्हॉल्व्हच्या मध्ये एक जाळी असते, रेडिएटरसारखी. तिला इंटरकूलर म्हणतात. ती हवा थंड करते.

गरम आणि विरळ हवेचा त्रास साध्या इंजिनालाही होतोच. मे महिन्यात ४२ अंशांत मिळणारी हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सात टक्क्यांनी विरळ असते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने कमी भरते, म्हणून घाट चढून वर गेल्यावर साधं इंजिन जास्तच धापा टाकतं. टर्बोची पहिली मोठी परीक्षा उंचीवरच झाली. १९१८ साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन ट्रकवर लादून १४ हजार फुटांवरच्या पाइक्स पीक या डोंगरावर नेलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वर गेल्यावर २३० वर आलं. टर्बो लावला तेव्हा त्याच डोंगरावर ते ३५६ वर गेलं.

टर्बोची एक खोड आहे. धूर जोरात आला तरच तो फिरतो, आणि धूर जोरात येण्यासाठी आधी इंजिनाला जोर लागतो. म्हणून अचानक लोड पडला की क्षणभर टर्बो मागे राहतो. जुनी डिझेल रेल्वे इंजिनं स्टेशनातून सुटताना काळ्या धुराचा लोट सोडायची, आठवतं ना? १९६२ पासून आपल्याकडे आलेली ती २६०० हॉर्सपॉवरची इंजिनं टर्बोवालीच होती. डिझेल आधी वाढायचं, टर्बो मागून वेग घ्यायचा, आणि मधल्या वेळात अर्धं जळलेलं डिझेल आकाशात. शेतात याचा अर्थ एवढाच की रोटाव्हेटर जमिनीत उतरवण्याआधी इंजिन वेगात आणावं.

आता पैशांचं बोलू.

दुप्पट ताकद हे खोटं. दोन्ही ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचे असतील तर दोन्ही पन्नासच देणार. फरक इतकाच की एक ती ताकद मोठ्या सिलिंडरमधून काढतो, दुसरा लहान सिलिंडरमध्ये हवा तुडवून. टर्बोवाला पूर्ण लोडवर, उन्हात आणि उंचावर ताकद राखतो आणि सहसा डिझेलही थोडं वाचवतो. पण तुमच्या गटाचं काम मुख्यतः ट्रॉली ओढणं, फवारणी, पेरणी असं हलकं असेल, तर टर्बो बहुतांश वेळ नुसता फिरत राहील आणि जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार दिवस लागतील. दिवसाचे आठ आठ तास खोल नांगरट आणि रोटाव्हेटर असेल तर हिशोब उलटा. म्हणून दुकानात जाण्याआधी वहीतून गेल्या हंगामाचे कामाचे तास काढा, कोणत्या अवजाराला किती, ते लिहा. हॉर्सपॉवर विचारताना ‘इंजिनाची की पीटीओची?’ हेही विचारा. अवजार चालतं ते पीटीओवर आणि तो आकडा नेहमी कमी असतो. दुकानदार उत्तर सोबतच्या पुरुषाकडे बघून देईल, हे आम्हीही अनुभवलं आहे. प्रश्न परत विचारायचा.

आणखी एक. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले आहेत. त्यामुळे त्या गटात टर्बो हवा की नको हा निर्णय पुष्कळदा कंपनीनेच घेतलेला असतो. तुम्ही सांभाळायचा कसा तेवढं बघायचं.

सांभाळणं म्हणजे मुख्यतः ऑइल आणि धूळ. सकाळी चालू केल्याबरोबर रेस करू नये. एक-दोन मिनिटं हळू चालू द्या, म्हणजे ऑइल टर्बोच्या दांड्यापर्यंत पोहोचतं. बंद करतानाही तसंच. तासभर रोटाव्हेटर मारून आल्यावर लगेच इंजिन बंद केलं तर ऑइल थांबतं, पण टर्बो लालभडक तापलेला असतो आणि दांडा अजून फिरत असतो. आतलं ऑइल जळून कोळसा होतो आणि तो दांड्याला खातो. दोन-तीन मिनिटं हळू चालवून मग बंद करा. ड्रायव्हरला घाई असते, म्हणून हे त्याच्या कामाच्या बोलणीतच ठरवून टाका. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या नंबरचंच आणि लिहिलेल्या तासांनी.

धूळ तर आपल्याकडे विचारूच नका. एअर फिल्टर तुंबला की मोठा व्हॉल्व्ह, टर्बो, सगळं फुकट. दारापर्यंत हवाच येत नाही. तेलाचा फिल्टर असेल तर वाटीतलं तेल खुणेपर्यंत आहे का आणि खाली गाळ बसला का ते बघा, मळणीच्या दिवसांत रोज. कागदाचा असेल तर टायरवर आपटून झटकू नका, कागद फाटतो. हवा मारायची ती आतून बाहेर आणि कमी दाबाने. फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप चिरलेला असेल तर न गाळलेली धूळ सरळ आत जाते, आणि लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांना ती रेतीच्या फवाऱ्यासारखी घासते.

टर्बो नसलेल्या इंजिनालाही लागू असलेली एक गोष्ट म्हणजे टॅपेट. व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा भाग यांत कागदाएवढी फट ठेवलेली असते. ती वाढली की टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह तेवढा कमी उघडतो. म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेलं दार आपोआप लहान झालं. फट अजिबात उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही आणि त्याची कड जळते. ही फट पुस्तकातल्या मापाने, फीलर गेजची पट्टी घालून लावतात. मिस्त्री नुसत्या कानाने लावत असेल तर पट्टी मागा.

आता धुराकडे बघायला शिका. लोडवर सतत काळा धूर म्हणजे डिझेलला हवा पुरत नाही: फिल्टर तुंबला असेल, पाइप गळत असेल, नोझल बिघडलं असेल किंवा टर्बो दाब देत नसेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोवाल्या इंजिनात ऑइल टर्बोतूनही गळत असू शकतं. टर्बोची नेहमीची बारीक शीळ बदलून करकर येऊ लागली तर त्याच दिवशी काम थांबवा. दांडा तुटला तर पात्याचे तुकडे इंजिनात जाऊ शकतात.

आणि एक फिटर तुम्हाला नक्की भेटेल, जो म्हणेल, ‘ताई, पंप थोडा वाढवून देतो, ताकद येईल.’ तो पंप वाढवतो म्हणजे डिझेल वाढवतो. दार तेवढंच, हवा तेवढीच. पहिले दोन दिवस जोर आल्यासारखा वाटतो, कारण आत उरलेली थोडी हवा वापरली जाते. पुढचं डिझेल काळं होऊन बाहेर पडतं, पिस्टन आणि हेड जास्त तापतं, आणि वॉरंटी असेल तर तीही जाते. साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो बसवून देणारेही असतात. ज्या इंजिनाचे पिस्टन, गॅस्केट आणि पाणी थंड करायची सोय त्या दाबासाठी केलेली नाही, त्याच्यावर तो बसवू नये. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला तर हा विचारच नको. त्याचा धूर थोडा आणि तुटक तुटक येतो, टर्बो धड फिरणारही नाही.

काळ्या धुरात नुसते पैसे जळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. मळणी चालू असताना धान्याची पाटी धरून सायलेन्सरच्या बाजूला कोण उभं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ट्रॅक्टर उभा करताना वाऱ्याची दिशा बघा आणि धूर कामाच्या जागेवरून जाणार नाही असं तोंड ठेवा. ड्रायव्हरला सांगायचं, तो फिरवून लावतो.

पुढच्या मंगळवारी रोटाव्हेटरची पाती कधी बदलायची आणि उलटी बसली तर काय होतं, ते सांगू. इंजिनाबद्दल काही विचारायचं असेल तर येताना गटाच्या वहीतले तास आणि डिझेलचे आकडे सोबत आणा, म्हणजे नेमकं बोलता येईल. नमस्कार.